पालथे दगड

थेसालोनिकी, वरचे गाव
१६ जुलै १९७८

चि. स्ट्रातीस यास मोठ्या बहिणीचे अ. आ. वि. वि.

तुझी तार पोचली. जिवंत आहेस का ते कळव, अशा तारेला 'नाही' असे उत्तर धाडायचा मोह झाला होता; पण तुझ्या फ्रोसोला विनोद कळत नाही, म्हणून आवरला. जिवंत आहे. घरही उभे आहे. धुराडे कोसळले, वरच्या खोलीला हात जाईल एवढी भेग पडली. पहिले पंधरा दिवस सगळ्या गल्लीने तटाबाहेरच्या मैदानात तंबूत काढले. शेजारची द्यामंदो रोज म्हणायची, की देवाने आपल्याला दुसऱ्यांदा निर्वासित केले. मी तिला सांगितले, की देवाला तेवढीच कामे नाहीत, आणि पहिल्या वेळी तू पाळण्यात होतीस, तेव्हा अनुभवी माणसासारखी बोलू नकोस.

आता मुख्य गोष्ट. मी शांतपणे लिहिते आहे, तूही शांतपणे वाच.

आपले अंगण तुला आठवते. रोमन शवपेटीत अजून माझे कपडे भिजतात, बायझंटाइन खांबाच्या तुकड्यावर मांजर बसते, तुर्कांच्या कारंज्याच्या दगडावर सब्जाच्या कुंड्या आहेत. या अंगणात तेवीस शतके मांडी घालून बसली आहेत, असे मी तीस वर्षे वर्गाला सांगत आले आणि दर वसंतात मुलींची रांग घेऊन इथे आले. भूकंपात यातले काहीही हलले नाही. फक्त दाराजवळची ती मोठी पांढरी फरशी उचलली जाऊन कडेवर उभी राहिली.

गुरुवारी लाझोस गवंडी पहार घेऊन आला. फरशी पुरती उलटली, तेव्हा तिच्या खालच्या अंगावर अक्षरे होती. सहा ओळी, सुबक कोरलेल्या. मी आधी चष्मा पुसला. मग पुन्हा पाहिले. स्ट्रातीस, ती तुर्की अक्षरे नाहीत. ती हिब्रू आहेत. आपल्या दारातली फरशी हा कुणा ज्यू माणसाच्या कबरीवरचा दगड आहे.

मी लाझोसला शेजारची फरशी काढायला लावली. तीही तशीच. तिसरीही. मग मी त्याला थांबवले. तो म्हणाला, की बाई, निम्म्या गावाची अंगणे अशीच पालथी आहेत, तुम्हाला खरेच ठाऊक नव्हते? तुम्ही तर इतिहास शिकवायच्या! मी शवपेटीच्या काठावर बसले. 

चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात मी डोंगरातल्या शाळेवरून परत आले, तेव्हा बाबांनी मला सांगितले होते, की फरश्या एका मोडलेल्या तुर्की हमामखान्यातल्या आहेत. मी त्यांचे कौतुक केले. शाळेच्या पुस्तिकेत ते छापले. बाबांना कुणीतरी फसवून हा माल दिला असला पाहिजे. त्रेचाळीसमध्ये तू एकोणीस वर्षांचा होतास, बाबांच्या हाताखाली गवंडीकाम शिकत होतास. काय आठवते ते लिही.

फ्रोसोला आशीर्वाद. जमीन अजून अधूनमधून हलते आहे, तेव्हा अक्षर वाकडे दिसल्यास दोष माझा नाही.

तुझी ताई,
पोलिक्सेनी

०

मेलबर्न
१ ऑगस्ट १९७८

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, जीव भांड्यात पडला. फ्रोसो म्हणते, की ताईंचं पत्र वाचलं की गृहपाठ करायचा राहिलाय असं वाटतं. विनोद कळत नाही म्हणतेस, तिला तुझ्यापुरता बरा कळतो.

ताई, दगडांचं एवढं काय घेऊन बसलीस? युद्धाचे दिवस होते. ज्यूंचं कबरस्तान जर्मनांच्या अमलात मोडलं, दगडांचे ढीग पडले होते, ज्याला हवे त्याने नेले. आपण नेले नसते तर दुसऱ्याने नेले असते. या शहरात कोणी कोणाचा दगड वापरला नाही ते सांग. रोमनांनी ग्रीकांचे, तुर्कांनी रोमनांचे, आपण तुर्कांचे. हे तूच शिकवलंस. लाझोसला सांग, फरश्या होत्या तशा ठेव. दारातल्या फरशीखालची वाळू धुपली असेल, ती कधी पक्की बसवलीच नव्हती. तिला आता सिमेंट घालून टाक आणि फाटकाला कडी घाल.

मला वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायचं होतं. बिल्डर कारामानोसचं पत्र आलंय. भूकंपानंतर सगळी गल्ली बिल्डरांना जागा देतेय, तुला माहीतच आहे. जागा आपली, बांधणार तो, चार मजले. त्यातले दोन फ्लॅट आपले. तळमजला तुला, म्हणजे गुडघ्यांना जिना नको. तिसरा मला, गच्चीतून अख्खं आखात दिसेल. ताई, तेवीस वर्षं मी इथे समुद्राकडे पाहतो आणि तो मला चुकीच्या बाजूला वाटतो. मला परत यायचंय. डिसेंबरच्या आत दोघांच्या सह्या हव्यात. पण कारामानोस वह्या-पेन्सिली घेऊन येणाऱ्या माणसांना फार भितो. मागच्या कामात एक रोमन नाली निघाली, पुरातत्त्व खातं आलं आणि सहा वर्षं खड्ड्याला कुंपण पडलं. तेव्हा अंगणात कोणाला बोलावू नकोस.

बाबांचं नाव गल्लीत चांगलं आहे. तसंच राहू दे. राग नसावा, असला तर तिकिटाच्या वजनात बसेल एवढाच असावा.

तुझा,
स्ट्रातीस

०

थेसालोनिकी
२० ऑगस्ट १९७८

चि. स्ट्रातीस यास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र चार वेळा वाचले. दारातल्या फरशीखाली वाळू आहे, हे मी तुला लिहिले नव्हते. मी लाझोसला विचारले, त्याने पाहून सांगितले, की होय बाई, बाकी सगळ्या चुन्यात आहेत, ही एकच नुसत्या वाळूत. म्हणजे तुला माहीत होते. मी तुला काय आठवते ते विचारले होते. तू मला बिल्डरचे पत्र वाचून दाखवलेस.

आणि माझा धडा मलाच शिकवू नकोस. ज्या रोमन माणसाच्या शवपेटीत मी कपडे भिजवते, त्याची मुले तिला शोधत नव्हती. हे दगड उचलले, तेव्हा त्या माणसांची मुले याच शहरात दुकाने उघडून बसली होती.

तू बोलावू नकोस म्हणालास, त्याच्या आधीच मी बोलावले होते. मला हिब्रू येत नाही. ग्रीक येते, लॅटिन येते, कारंज्यावरचे चार तुर्की शब्द मी एका म्हाताऱ्याकडून हट्टाने शिकून घेतले. पन्नासेक हजार माणसे ज्या लिपीत प्रार्थना करत, त्यांच्या शहरात मी पदवी घेतली आणि त्यांचे एक अक्षर मला वाचता येत नाही. कॉलेजला जाताना चार वर्षे मी त्या कबरस्तानाच्या कडेने गेले. आता त्या जागी विद्यापीठाच्या इमारती आहेत, आणि निवृत्तीपर्यंत मी तिथल्या सभांना जात होते. मनात एकदाही काही आले नाही.

तर ज्यू समाजातले पेपो आसाएल दगड वाचायला आले. बाजारात त्यांचे बटणांचे दुकान आहे. घरची अकरा माणसे जर्मनांनी आगगाडीत घालून छळछावणीकडे नेली, परत आले ते एकटे. सत्तरीचे आहेत, स्वतःची घडीची खुर्ची बरोबर आणतात. मी फाटक उघडून या म्हणाले. ते आत आले आणि फरश्यांवर पाय न ठेवता भिंतीला लागून, कुंड्यांच्या मातीतून, चोरासारखे कडेकडेने चालत दारापर्यंत आले. मी फरशीच्या मधोमध उभी होते, हातात कॉफीचा ट्रे. मला खाली उतरायला जागा नव्हती.

मी क्षमा मागितली. ते म्हणाले, की बाई, क्षमा नंतर, कॉफी आधी, थंड होते आहे. मग दारातला दगड त्यांनी वाचला. ओरो नावाची बाई, मोर्देखाय नावाच्या माणसाची विधवा, वारली १९११ साली. हात उदार होता, असे लिहिले आहे. मी म्हणाले, की पस्तीस वर्षे आम्ही हिच्यावरून आत-बाहेर केले. ते म्हणाले, की मग ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

द्यामंदो भिंतीवरून सगळे पाहत होती. ओरडून म्हणाली, की बाई, मेलेल्यांना उठवू नका, जिवंतांनाच घरे पुरत नाहीत. आसाएल मान वर न करता म्हणाले, की काळजी करू नका, ताई, आमचे लोक एवढ्यात उठणारे नाहीत, अजून तारीख आलेली नाही.

त्या रात्री मला आईचा कागद आठवला. मृतांच्या शनिवारी ती कोलिव्याचे ताट घेऊन चर्चला जायची, उकडलेल्या गव्हावर साखर, वर डाळिंबाचे दाणे. सोबत पाद्रीला द्यायचा नावांचा कागद. आजोबा, आजी, समुद्रात गेलेला मामा, आणि सर्वांत खाली एक ओळ: 'आणि अंगणातले'. दर वर्षी. मला वाटायचे, समुद्रापलीकडे तुर्कस्तानात राहिलेल्या आपल्या आयवाली गावच्या जुन्या अंगणातले म्हणत असेल. एका वर्षी मी तिला सांगितले, की पाद्रीने नावे वाचायची असतात, पत्ते नव्हेत, आणि लाल पेन्सिलीने ती ओळ खोडली.  पुढच्या वर्षी कागद तिने माझ्याकडे तपासायला दिला नाही.

तिलाही ठाऊक होते. लाझोसला ठाऊक होते, द्यामंदोला होते, तुला होते. या घरात पदवी एकटीला होती आणि अडाणीही ती एकटीच.

आता मला सगळे लिही. गोड करून लिहू नकोस. सही तोवर होणार नाही.

पोलिक्सेनी

०

मेलबर्न
१० सप्टेंबर १९७८

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. मी झोपेत हाका मारायचो, त्याचं कारण फ्रोसोला कालच सांगितलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर पहिल्यांदा हात उगारला, आणि मग रडली.

बाबांना कोणी फसवलं नाही. आम्ही दोघं हातगाडी घेऊन गेलो होतो, फेब्रुवारीत, त्रेचाळीस साली. लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या, उन्हात, रांगेत. आमच्यापुढे एक चर्चसाठी दगड नेत होता, मागे एक दुकानासाठी. लोक ओळखीने नमस्कार करत होते. मला तेव्हा सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? की चांगले दगड आधीच्यांनी नेले.

तू म्हणशील, बाबांनी का केलं. अंगणात चिखल होता, आई दोनदा घसरून पडली होती, काम नव्हतं, आणि बाबा दगड पाहिला की वेडे व्हायचे. पेंतेलीच्या संगमरवरावर हात फिरवून मला म्हणाले, की असा दगड गरिबाला जन्मात एकदाच मिळतो. एवढंच. त्यांच्या मनात ज्यूंबद्दल वाकडं काही नव्हतं. हे लिहिताना मला वाटतं, की असतं तर सोपं झालं असतं.

फरश्या बसवून होत आल्या, तेव्हा एक माणूस आला. शर्टांचं दुकान असलेला, नीट टाय बांधलेला, कोटावर ज्यूंना सक्तीचा केलेला पिवळा तारा शिवलेला. हातात चिठ्ठी, त्याच्या आईच्या दगडावरच्या ओळी लिहिलेल्या. घरोघर फिरत होता. आईचं नाव ओरो, असं म्हणाला. बाबांनी त्याला खुर्ची दिली. मी एकेक राहिलेला दगड त्याच्यापुढे उलटा करत गेलो, आणि सातवा त्याचा निघाला. तो बाबांचे हात धरून उभा राहिला. म्हणाला, आज मजूर नाही, रविवारी गाडी घेऊन येतो. बाबा म्हणाले, जपून ठेवतो. रविवार आला, तो आला नाही. त्या आठवड्यात त्यांच्या मोहल्ल्याला कुंपण पडलं, आणि मग आगगाड्या सुटायला लागल्या.

बाबांनी तो दगड दारात घातला. नुसत्या वाळूत, म्हणजे तो माणूस आला की लगेच काढून देता यावा. दर वर्षी ते वाळू तपासायचे. तुला वाटायचं, फरशी डगमगते म्हणून. आई त्या दिवसापासून अंगणात कधी मोठ्याने हसली नाही. माझ्या निरोपाची मेजवानी तिने अंगणात होऊ दिली नाही, आठवतं? तू म्हणालीस, आईला कामाचा कंटाळा आलाय.

तुला का नाही सांगितलं? बाबा म्हणाले, की पोलिक्सेनीला कळलं तर ती खरं करेल. 'खरं करेल' हेच शब्द. आम्ही सगळे तुला भ्यायचो, ताई. अजून भितो.

आता तुला कळलं. आसाएलांना दगड देऊन टाक, पण हळू, एकेक, सह्या झाल्यावर. माझ्यावरची माया कमी झाली असेल, तर निदान कळव किती उरली.

स्ट्रातीस

०

थेसालोनिकी
८ ऑक्टोबर १९७८

चि. स्ट्रातीस यास आशीर्वाद. वि. वि.

हळू, एकेक, असे खरे करता येत नाही. मागच्या आठवड्यात लाझोस आणि त्याच्या दोन भावांनी सगळ्या फरश्या काढल्या. आसाएल खुर्चीवर बसून शाळेच्या वहीत नावे लिहीत होते. काही दगडांवर फक्त अर्धे नाव आहे, बाकीचे बाबांनी माप बसावे म्हणून तोडले. सफाईदार तोडले आहे. मी लहानपणापासून त्यांच्या त्या हाताचा अभिमान बाळगला.

तिसऱ्या दिवशी कारामानोस आला. उलटे दगड, ट्रक, वही पाहून फाटकातच थबकला. म्हणाला, की बाई, हे खाली गेले असते तर इमारतीच्या पायात छान भर झाली असती, आता उद्या सरकारी माणसे येतील. मी म्हणाले, की येऊ देत, मी कॉफी करेन. त्याने तिथल्या तिथे करार खिशात परत घातला. तेव्हा तुझा तिसरा मजला गेला. मी तुझ्याकडून तो काढून घेतला, हे मला समजते, आणि त्याबद्दल तू चिडलास तर तुझा अधिकार आहे. परत येशील तेव्हा माझी वरची खोली तुझी. भेग लाझोस बुजवणार आहे.

अठ्ठावीस दगड निघाले. ते शहराबाहेर, त्यांच्या नव्या कबरस्तानात गेले. ओरोचा दगड आसाएलांनी सर्वांत आधी चढवायला लावला. त्या शर्टवाल्याचे पुढे काय झाले, ते मी विचारले नाही. आसाएलांनीही सांगितले नाही. अंगणात आता नुसती माती आहे. पाऊस पडला की चिखल होईल. होऊ दे.

तू किती माया उरली विचारतोस. मी मोजायला बसले नाही. पण तू पस्तीस वर्षे गप्प बसलास, आणि तुझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत मी तुझ्या हसण्याची स्तुती केली होती, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आसाएल वही पुरी करत आहेत. त्यांनी विचारले आहे, की आणखी कुठे काही आहे का. मीही तेच विचारते. चुलीखाली, जिन्यात, कुठेही. उलट टपाली लिही.

पोलिक्सेनी

०

मेलबर्न
२९ ऑक्टोबर १९७८

ती. ताईस सा. न.

चिडलो. दोन दिवस चिडलो, कामावर गेलो नाही. मग गेलो.

तू अठ्ठावीस लिहिलंस. आम्ही एकोणतीस आणले होते.

एकोणतिसावा सगळ्यात चांगला होता, जाड, बिनभेगेचा. बाबांनी तो अंगणात घातला नाही. शेडमध्ये गोणपाटाखाली ठेवला. मी निघायच्या आदल्या वर्षी त्यांनी तो बाहेर काढला, कोऱ्या बाजूवर क्रॉस कोरला आणि खाली स्वतःचं नाव, आईचं नाव. सालं मोकळी ठेवली. अक्षरं मी आखून दिली होती. म्हणाले, गवंड्याच्या कबरीवर दुसऱ्याच्या हाताचं काम नको.

कुठे आहे ते तुला आता समजलं असेल. आईबाबांवर आहे. दर महिन्याला तू त्यावर फुलं ठेवतेस. अक्षरं खालच्या अंगाला, मातीकडे आहेत.

हा एक राहू दे, ताई. मी हात जोडतो. अठ्ठावीस परत गेले, कोणाला काय कळणार आहे? आईला उघडी करू नकोस. तिने काही केलं नव्हतं, तिने फक्त सोसलं. आसाएलांना वहीत अठ्ठावीसच लिहू दे.

स्ट्रातीस

०

थेसालोनिकी
१४ नोव्हेंबर १९७८

चि. स्ट्रातीस यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र आले त्या दिवशी मी काही केले नाही. चूलही पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाझोसला आणि आसाएलांना घेऊन कबरस्तानात गेले. लाझोसने पहारेने दगड वीतभर उचलला, मी आईचा हातआरसा खाली सरकवला. आसाएल गुडघ्यावर बसून आरशात पाहत म्हणाले, की उलटी हिब्रू मी आजवर वाचली नव्हती, म्हाताऱ्याकडून काय काय करून घेता! पण त्यांनी वाचले.

त्याचे नाव हाइम. बंदरावरचा हमाल. दगड हमालांच्या मंडळीने वर्गणी काढून उभारला आहे, तसे त्यावर लिहिले आहे. शनिवारी हे लोक काम करत नसत आणि अख्खे बंदर बंद राही, हे मी वर्गात एका वाक्यात उरकत असे. आपण आयवालीहून आलो, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नावेतून आपली गाठोडी पाठीवर घेऊन उतरवणारी माणसे मला आठवतात. त्यातल्या एकाने मलाही उचलून धक्क्यावर ठेवले होते. तो हाइम नव्हे, हाइम त्याच्या आधी गेला. पण त्याच्याच मंडळीतला असेल.

मी आसाएलांना तुझे म्हणणे जसेच्या तसे सांगितले, काही लपवले नाही. त्यांनी उठून गुडघ्यांची माती झाडली. मग म्हणाले, की तुमच्या आईला मी उघडी करा म्हणणार नाही, ते माझे काम नाही. पण क्रॉस असलेला दगड आमच्या हाइमला चालणार नाही. पाठीवर हाइम असलेला दगड तुमच्या वडिलांना चालला, ते त्यांचे त्यांना ठाऊक. आणि वही मिटून खिशात घातली. अठ्ठावीस की एकोणतीस, ते लिहिले नाही.

कबरस्तानाच्या कारकुनाने सांगितले, की दगड काढायला दोन्ही वारसांची संमती लागते. माझी मी दिली. तुझी मी मागते आहे, हुकूम करत नाही. माझ्या आयुष्यात मी तुला फार हुकूम केले, आणि त्याचे फळ म्हणून पस्तीस वर्षे तुम्ही मला खोट्या अंगणात वावरू दिलेत. तेव्हा या वेळी तूच ठरव. दगड द्यायचा झाल्यास बाबांची अक्षरे आधी तासावी लागतील. लाझोस ते करेल.

तू नाही म्हणालास, तर मी त्या कबरीवर जाईन, पण फुले ठेवणार नाही.

तुझी ताई

०

मेलबर्न
३ डिसेंबर १९७८

ती. ताईस सा. न.

संमतीचा कागद सोबत आहे, नोटरीच्या शिक्क्यासह.

लाझोसला हात लावू देऊ नकोस. ती अक्षरं मी आखली होती, मीच काढेन. फेब्रुवारीत तीन आठवडे सुट्टी मिळालीय. फ्रोसोने फ्रीजसाठी ठेवलेलं तिकिटासाठी दिलं आणि म्हणाली, की जा, आणि परत येऊन नीट झोप.

विमानतळावर येऊ नकोस. गुडघे दुखतील, आणि मला तिथे सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं नाही. घरी बोल काय बोलायचं ते.

स्ट्रातीस

०

थेसालोनिकी
११ मार्च १९७९

चि. स्ट्रातीस यास भरपूर आशीर्वाद. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याची तार मिळाली. या वेळी तारेत काही विचारले नव्हतेस, ते बरे वाटले.

तू गेल्यावर आठ दिवसांनी ट्रक आला. आसाएलांनी दगडाच्या तासलेल्या अंगावर हात फिरवला आणि म्हणाले, की तुमच्या भावाचा हात वडिलांइतका सफाईदार नाही, नावे गेली आहेत, पण खड्डे राहिले आहेत. मी म्हणाले, की राहू देत. त्यांना ते पटले. वही काढली, एकोणतीस लिहिले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, की पुढच्या मंगळवारी येतो, तुम्हाला हिब्रू मुळाक्षरे शिकायची असतील तर. पासष्टाव्या वर्षी मला कुणी मठ्ठ म्हणाले, तर ते माझ्या इतक्या विद्यार्थिनींना आवडेल, की मी हो म्हणाले.

आईबाबांवर आता नुसती माती आणि लाकडी क्रॉस. काल मृतांचा शनिवार होता, कबरस्तानात सगळी गल्ली होती. द्यामंदोने सर्वांदेखत आवाज चढवला. म्हणाली, की शिक्षिकेचे पेन्शन खाता, आणि जन्मदात्यांना कुत्र्यासारखे उघड्यावर ठेवता? लाज कशी वाटत नाही, बाई? बायका कान टवकारून उभ्या होत्या. मी सांगितले, की बाबा गवंडी होते, चांगला दगड मिळेपर्यंत थांबायची त्यांना सवय आहे. आणि मग, विचारले नव्हते तरी, आधीचा दगड कुणाचा होता ते सगळे मोठ्याने सांगितले. हाइमचे नाव घेऊन सांगितले. आपल्या घराचे नाव घेऊन सांगितले. बाबांचे नाव गल्लीत आता चांगले राहिले आहे की नाही, मला माहीत नाही.

 दोघी निघून गेल्या. पाद्री घसा साफ करत राहिला.

आज सकाळी मी चिखलात फळ्या टाकत होते, तेव्हा द्यामंदो भिंतीपाशी आली. कालचा आवाज नव्हता. तिने विचारले, की लाझोस कधी मोकळा आहे. मी विचारले, काय काम आहे. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, की आमच्या भट्टीचा तळ पांढरा आहे, सासऱ्याने त्याच साली बांधला. पस्तीस वर्षे मी त्यावर पाव भाजते.  मी तिला लाझोस मंगळवारी येईल असे सांगितले, आणि आसाएल त्याच दिवशी येणार आहेत हेही सांगितले, म्हणजे तिला नंतर धक्का बसायला नको.

फ्रोसोला सांग, तिचा फ्रीज माझ्याकडून. नीट झोपतोस का, ते लिही. माया होती तेवढी आहे. मोजून पाहू नकोस.

तुझी,
ताई